खाण नाही, उत्पन्न नाही, तरी कंपनी चालते : तांब्याच्या शोधातला वाट्याचा व्यवहार आणि गोबीतले मेंढपाळ

बोअरची गाडी शिवारात उभी राहिली की गावाचा एकच प्रश्न असतो, पाणी किती फुटावर लागलं? पण विदर्भाच्या काही भागात अशी गाडी पाण्यासाठी येत नाही. ती दगडाच्या लांब कांड्या काढते, त्या पेट्यांत ओळीने रचून ठेवते आणि निघून जाते. चंद्रपूर जिल्ह्यात थानेवासना भागात तांब्याच्या खुणा सापडल्या आहेत. भंडारा-नागपूरच्या साकोली पट्ट्यात जस्त आहे, हेही भूशास्त्राच्या पुस्तकांत जुनंच आहे. आजवर हा शोध बहुतेक सरकारी खात्यांनी घेतला. २०२३ मध्ये केंद्राने खाण कायदा बदलला आणि तांबं, जस्त, शिसं, निकेल अशा खोलवरच्या खनिजांच्या शोधासाठी खासगी कंपन्यांना वेगळा परवाना देण्याची सोय केली.

जगात हे काम मुख्यतः छोट्या कंपन्या करतात. त्यांना 'ज्युनिअर' कंपनी म्हणतात. त्यांचा कारभार कसा चालतो, पैसा कुठून येतो आणि वाटा कसा ठरतो हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. मंगोलियातल्या एका खाणीच्या गोष्टीतून ते नीट कळतं.

ज्युनिअर कंपनी म्हणजे काय?

ज्युनिअर कंपनीकडे खाण नसते, कारखाना नसतो, विकायला माल नसतो. असतात ते चार-दोन भूशास्त्रज्ञ, एक छोटं ऑफिस आणि सरकारकडून मिळालेला शोधाचा परवाना. पैसा शेअर विकून येतो. कॅनडातला टोरोंटो व्हेंचर हा शेअर बाजार अशाच कंपन्यांचा अड्डा आहे. ऑस्ट्रेलियातही अशा कंपन्या पुष्कळ. लोक शेअर घेतात ते आशेवर. सापडलं तर एकाचे पन्नास, नाही सापडलं तर कागद रद्दी. बहुतेकांची रद्दीच होते.

तांबं, जस्त, शिसं, निकेल यांना 'बेस मेटल' म्हणतात. सोन्या-चांदीसारखे हे किमती धातू नाहीत, पण मोटारीच्या वायरपासून पत्र्याच्या गॅल्व्हनायझिंगपर्यंत सगळीकडे लागतात. हे धातू स्वस्त असल्यामुळे खाण परवडायची तर साठा फार मोठा लागतो. मोठा साठा शोधायचा तर खोल आणि भरपूर बोअर मारावे लागतात. पाण्याचा बोअर दोनशे-तीनशे फुटांचा, फार तर हजाराचा. इथे एकेक बोअर पाचशे मीटर, हजार मीटर जातो. एका छोट्या कंपनीला हा खर्च झेपत नाही. म्हणून भागीदारी येते.

बटईसारखं, पण बटई नव्हे

ही भागीदारी समजायला शेतकऱ्याला अवघड नाही. जमीन आहे पण बैल-बियाणं नाही, असा माणूस शेत बटईने देतो. करणारा खर्च करतो, पीक वाटून घेतात. खाण-शोधातही परवाना एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा असतो.

फरक मात्र मोठा आहे. बटईत वाटा पिकात असतो, जमीन मालकाचीच राहते. इथे खर्च करणाऱ्याला थेट परवान्यातच हिस्सा मिळतो. करार असा असतो : 'इतक्या वर्षांत तू इतका खर्च कर, मग इतके टक्के परवाना तुझा.' याला खाण-व्यवहारात 'अर्न-इन' म्हणतात, म्हणजे खर्च करून हिस्सा कमावणे. ठरलेला खर्च पूर्ण झाला की दोघांची संयुक्त कंपनी किंवा 'जॉइंट व्हेंचर' सुरू होते. त्यानंतर दोघांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे पैसा घालायचा. ज्याला जमत नाही त्याचा हिस्सा वर्षागणिक कमी होत जातो. बऱ्याच ज्युनिअर कंपन्या इथेच मार खातात. शोध लागतो, नाव होतं, पण खाण बांधायला अब्जावधी लागतात तेव्हा त्यांच्या हातात काही टक्केच उरलेले असतात. म्हणून शहाणी ज्युनिअर कंपनी करारातच लिहून घेते की पुढचा खर्च मोठ्याने करायचा किंवा उसना द्यायचा, आणि वसुली खाणीच्या कमाईतून करायची.

बाहेर पडणारा भागीदारही रिकाम्या हाताने जात नाही. तो 'रॉयल्टी' ठेवतो, म्हणजे पुढे कधी माल विकला गेला तर विक्रीतले एक-दोन टक्के त्याचे. खर्च शून्य, जोखीम शून्य. सरकारला जे स्वामित्वधन जातं ते वेगळं, ही खासगी रॉयल्टी वेगळी. बातम्यांत दोन्हीला एकच शब्द वापरतात, त्यामुळे घोळ होतो.

मोठ्या कंपनीने सोडलेली टेकडी

मंगोलियाच्या दक्षिणेला गोबीच्या वाळवंटात, चीनच्या सीमेपासून साधारण ८० किलोमीटरवर ओयू तोल्गोई नावाची जागा आहे. नावाचा अर्थ फिरोजा रंगाची टेकडी. तांब्याचा दगड हवेत झिजला की हिरवा-निळा होतो, त्यावरून हे नाव पडलं. तिथे फार जुन्या काळी लोकांनी तांबं खणल्याच्या खुणाही होत्या.

१९९० च्या दशकात अमेरिकेतली मॅग्मा कॉपर ही कंपनी इथे आली. तिला ऑस्ट्रेलियाच्या बीएचपीने विकत घेतलं. बीएचपी म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक. तिने १९९७ आणि १९९८ मध्ये मिळून २३ बोअर मारले. तांबं लागलं, पण बीएचपीसारख्या हत्तीचं पोट भरेल इतकं दिसलं नाही. त्यातच तांब्याचा जागतिक भाव पडला. कंपनीने मंगोलियातलं शोधकाम आवरतं घेतलं आणि कुणी भागीदार मिळतो का ते पाहायला सुरुवात केली.

मे २००० मध्ये कॅनडातल्या आयव्हनहो माइन्स या कंपनीने करार केला. तिचे प्रमुख रॉबर्ट फ्रिडलँड. लॅब्राडोरमधल्या व्हॉइसीज बे इथल्या निकेलच्या शोधामुळे त्यांचं नाव झालं होतं. तो साठा असलेली छोटी कंपनी १९९६ मध्ये इंको या बड्या कंपनीने ४३० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतली होती. गोबीतला करार त्या मानाने किरकोळ होता : सात वर्षांत ६० लाख डॉलर शोधावर खर्च करायचे, म्हणजे परवाना मिळेल. बीएचपीने स्वतःसाठी २ टक्के रॉयल्टी ठेवली. (इथून पुढे डॉलर म्हणजे अमेरिकी डॉलर.)

आयव्हनहोने आधी शंभराहून जास्त उथळ बोअर मारले. वरच्या थरातलं तांबं मिळालं तरी पुरे, असा विचार होता. त्यातून छोट्या खाणीपुरतं काहीतरी निघेल असं दिसत होतं, त्याच्या पुढे काही नाही. २००१ मध्ये त्यांनी बोअर खोल न्यायचं ठरवलं. क्रमांक १५० चा बोअर लागला. सलग ५०८ मीटर खनिज, त्यात सरासरी ०.८१ टक्के तांबं आणि टनाला १.१७ ग्रॅम सोनं.

हे आकडे वाचताना बऱ्याच जणांची फसगत होते. ०.८१ टक्के म्हणजे एक टन दगडात फक्त ८ किलो तांबं. ऐकायला काहीच नाही. पण हे अर्धा किलोमीटर जाडीच्या सलग दगडात आहे आणि वर सोनंही आहे. बोअरमध्ये एका जागी ५ टक्के तांबं पण जाडी दोन मीटर, ही बातमी पेपरात मोठी दिसते आणि खाण उभी राहत नाही. म्हणून टक्के किती याच्या आधी मीटर किती हे विचारायचं असतं.

२००२ मध्ये उत्तरेला आणखी खोल, आणखी श्रीमंत साठा लागला. त्याच वर्षी अपघातात गेलेले भूशास्त्रज्ञ ह्यूगो डमेट यांचं नाव त्याला दिलं. २००३ मध्ये आयव्हनहोने बीएचपीची २ टक्के रॉयल्टी ३ कोटी ७० लाख डॉलर देऊन विकत घेतली आणि बीएचपी या गोष्टीतून बाहेर पडली. ही खाण आज जगातल्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणींत धरली जाते.

इथे एक खुलासा करावा लागतो. बोअरचे निकाल कंपनीच जाहीर करते आणि त्यावर शेअर चढतो, म्हणजे खोटं बोलायला वाव भरपूर. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या बुसांग इथे ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने दाखवलेलं सोनं जमिनीत नव्हतंच, नमुन्यांत बाहेरून मिसळलं होतं. गुंतवणूकदार बुडाले. त्यानंतर २००१ पासून कॅनडात नियम आला की साठ्याचा अहवाल पात्र तज्ज्ञाच्या सहीनेच निघाला पाहिजे. आज जे निकाल प्रसिद्ध होतात ते या नियमाखाली. तरीही 'संकेत मिळाले' आणि 'साठा सिद्ध झाला' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

धुऱ्यापलीकडचा शेजारी

आयव्हनहोच्या परवान्याला लागून ऑन्ट्रे गोल्ड या व्हँकुव्हरच्या आणखी छोट्या कंपनीचा परवाना होता. तिने तो २००२ मध्ये एका मंगोलियन कंपनीकडून मिळवला होता. मोठ्या शोधाच्या बाजूचं शेत आपल्या ताब्यात असावं, एवढाच तिचा हिशेब. खनिजाचा पट्टा धुरा पाहून थांबत नाही. तो धुऱ्याखालून ऑन्ट्रेच्या हद्दीत शिरला होता.

२००४ मध्ये दोघांचा करार झाला. आयव्हनहोने ऑन्ट्रेच्या हद्दीत ३ कोटी ५० लाख डॉलर खर्च करायचे. त्या बदल्यात जमिनीखाली ५६० मीटरच्या खालच्या खनिजात ८० टक्के आणि वरच्या खनिजात ७० टक्के हिस्सा आयव्हनहोचा. म्हणजे वाटणी उभी नाही, आडवी. सातबाऱ्यावर अशी वाटणी कुणी पाहिली नसेल, पण खाण-करारात ती चालते. २००८ पर्यंत खर्च पूर्ण झाला आणि संयुक्त व्यवहार सुरू झाला.

ऑन्ट्रेच्या २० टक्क्यांत एक गोष्ट हुशारीची होती. तिच्या वाट्याचा खर्च मोठ्या कंपनीने कर्ज म्हणून घालायचा आणि पुढे ऑन्ट्रेच्या कमाईतूनच तो कापून घ्यायचा, असं लिहून ठेवलं होतं. त्यामुळे पैसा नसतानाही तिचा हिस्सा घटला नाही. पण कर्जावर व्याज चढतं आणि खाण लांबली की कमाईही लांबते. ऑन्ट्रेच्या हद्दीतले परवाने हस्तांतरित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. वीस टक्के कागदावर मिळाले तेव्हा जन्मलेलं मूल आज मिसरूड फुटायच्या वयात आहे.

पुढे ओयू तोल्गोईत ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन रिओ टिंटो आली. २००६ मध्ये तिने आयव्हनहोचे ९.९५ टक्के शेअर ३० कोटी ३० लाख डॉलरला घेतले, २०१२ मध्ये निम्म्याहून जास्त ताबा मिळवला आणि कंपनीचं नाव टर्कॉइज हिल केलं. फ्रिडलँड बाहेर पडले. (आज काँगोमध्ये तांबं काढणारी आयव्हनहो माइन्स त्यांचीच, पण ती वेगळी कंपनी.) जुलै २०१३ मध्ये उघड्या खाणीतून पहिला माल निघाला. १,३०० मीटर खोलीवरची भूमिगत खाण बांधायला सुमारे ७०० कोटी डॉलर लागले आणि तिचं उत्पादन मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये रिओ टिंटोने टर्कॉइज हिलचे उरलेले शेअरही सुमारे ३३० कोटी डॉलरला घेऊन टाकले.

६० लाख डॉलरच्या करारापासून भूमिगत खाणीतल्या पहिल्या मालापर्यंत २३ वर्षे गेली. ज्युनिअर कंपनीची बातमी वाचून 'पुढच्या वर्षी खाण, गावात नोकऱ्या' असं जो सांगतो त्याला हा हिशेब दाखवावा.

सरकारचे ३४ टक्के

मंगोलिया सरकारने ऑक्टोबर २००९ मध्ये गुंतवणूक करार करून ३४ टक्के हिस्सा घेतला. पण हिश्श्याचा पैसा सरकारकडे नव्हता. तोही कंपनीनेच उसना दिला, व्याजासह. खाण बांधायचा खर्च वाढत गेला तसं सरकारच्या नावावरचं कर्ज फुगत गेलं आणि लाभांश दूर गेला. लोकांत नाराजी वाढली. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने २४० कोटी डॉलरचं हे देणं माफ केलं, तेव्हा भूमिगत काम पुढे सरकलं. ऑन्ट्रेला जी सोय झाली तीच सरकारच्या गळ्याला आली. उसन्या पैशावरचा हिस्सा किती दिवसांत मोकळा होतो, यावर सगळं अवलंबून असतं.

ज्यांचं नाव करारात नव्हतं

ही जागा खानबोग्द सूममध्ये येते. सूम म्हणजे आपल्या तालुक्यासारखं. तिथले लोक मेंढ्या, शेळ्या आणि उंट पाळतात. कुरणं सरकारी. कुणाच्या नावावर सातबारा नाही, फक्त हिवाळ्यात मुक्काम कुठे करायचा याची पिढ्यांची वहिवाट. आपल्याकडच्या गायरानावर चरणाऱ्या धनगराची स्थिती डोळ्यांसमोर आणली की कळतं.

बीएचपी, आयव्हनहो, ऑन्ट्रे यांच्या एकाही वाटणीत या लोकांचा उल्लेख नव्हता. वाटणी परवान्याची होती, कुरणाची नव्हे. २००४ मध्ये दहाच्या आसपास कुटुंबांना परवाना क्षेत्रातून हलवलं. २०११ मध्ये आणखी कितीतरी कुटुंबांना भरपाई मिळाली. मेंढपाळांचं म्हणणं होतं की ती पुरेशी नाही आणि सगळ्यांना नाही. खाणीसाठी कुंपण पडलं, रस्ते झाले, धूळ उडू लागली, चराईच्या वाटा तुटल्या. त्यात उंदाई नदी वळवण्याचं काम आलं. उंदाई आपल्या ओढ्यासारखी, पाऊस झाला तर वाहणारी. पण तिच्या पात्राखालच्या पाण्यावर उथळ विहिरी होत्या आणि जनावरं त्याच विहिरींवर.

कंपनी खाणीसाठी गुनी होलोई नावाच्या खोल जलधारक थरातलं खारट पाणी वापरते. ते पिण्याजोगं नाही. मेंढपाळांच्या उथळ विहिरींशी त्याचा संबंध नाही, असं कंपनीचं म्हणणं. मेंढपाळांचा त्यावर विश्वास नव्हता. वाळवंटात विहीर एक हात जरी खाली गेली तरी माणूस कारण शोधतोच.

ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी जागतिक बँक गटाच्या तक्रार निवारण कार्यालयाकडे धाव घेतली, कारण बँक गट या खाणीला कर्ज देणार होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये नदीबाबत दुसरी तक्रार झाली. हा मार्ग शहाणपणाचा ठरला. कंपनी ऐकत नसली तरी कर्ज देणाऱ्याचं तिला ऐकावं लागतं. २०१५ मध्ये मेंढपाळ, सूमचं प्रशासन आणि कंपनी अशी त्रिपक्षीय परिषद बसली. स्वतंत्र तज्ज्ञांनी पाहणी केली. मे २०१७ मध्ये करार झाला. त्यात पाणी आणि कुरणांची देखभाल, राहून गेलेल्या कुटुंबांच्या भरपाईची फेरतपासणी, पशुपालनाला मदत अशा गोष्टी आल्या. पहिल्या तक्रारीपासून साडेचार वर्षे आणि बोअर क्रमांक १५० पासून सोळा वर्षे लागली.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

भारतात २०१५ नंतर खाणपट्टे लिलावानेच मिळू लागले. शोधणाऱ्यालाच खाण मिळेल याची हमी उरली नाही, म्हणून ज्युनिअर कंपन्या इकडे फिरकत नव्हत्या. २०२३ च्या दुरुस्तीने 'शोध परवाना' आणला. २९ खनिजांसाठी तो मिळतो. एका परवान्याचं क्षेत्र १,००० चौरस किलोमीटरपर्यंत असू शकतं. एक-दोन तालुके सहज बसतील एवढं. मुदत पाच वर्षे, वर दोन वर्षांची वाढ. तीन वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के क्षेत्र ठेवून बाकी सोडायचं.

पण मंगोलियाच्या गोष्टीत आणि यात मोठा फरक आहे. इथे शोध लागला तरी परवानाधारकाला खाण मिळत नाही. राज्य सरकार खाणपट्ट्याचा लिलाव करतं आणि जो खाण घेईल तो सरकारला जो जादा प्रीमियम देईल त्यातला वाटा शोधणाऱ्याला मिळतो. हा वाटा किती टक्के, यासाठी उलटा लिलाव होतो. जो कमीत कमी वाटा मागेल त्याला परवाना. १३ क्षेत्रांचा असा पहिला लिलाव केंद्राने मार्च २०२५ मध्ये गोव्यात जाहीर केला.

म्हणजे बोअर मारणारी कंपनी एक आणि उद्या खाण चालवणारी दुसरी असू शकते. बोअरवाल्याने 'गावात रस्ता करून देऊ, पोरांना नोकरी देऊ' असा शब्द दिला तर तो पाळण्याची जबाबदारी खाणवाल्यावर आपोआप येत नाही.

खाण कायद्याच्या कलम २४ अ प्रमाणे जमिनीच्या पृष्ठभागावर ज्याचा कब्जा आहे त्याला नुकसानभरपाईचा हक्क आहे. खालचं खनिज सरकारचं, वरचं पीक शेतकऱ्याचं. उभ्या पिकातून गाडी गेली, बांध फुटला तर तलाठ्याकडून पंचनामा करून घेतलेला बरा. गाडी निघून गेल्यावर चाकोरीशिवाय पुरावा राहत नाही, आणि पहिल्या नांगरणीत तीही जाते.